दुखऱ्या सांध्याची शुश्रूषा



घरांत कोणाचा पाय मुरगळला, कोणाचा हात मोडला, किंवा वयोमानानें कोणाचे गुडघे दुखूं लागले, कीं आपल्या तोंडून पहिलें वाक्य निघतें तें हें : "आतां अगदीं हालूं नका, स्वस्थ पडून राहा." या वाक्यांत माया असते, काळजी असते, आणि कांहीं दिवसांपुरतें पाहिलें तर पुष्कळदां शहाणपणहि असतें. परंतु हेंच वाक्य आठवड्यांमागून आठवडे घरांत घुमत राहिलें, तर तें दुखणाइताचें किती नुकसान करतें, हें आज मला आपल्यापुढें मांडावयाचें आहे. मी डॉक्टर नाहीं. शाळेंत मुलें शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. तेव्हां हें भाषण म्हणजे वैद्यकशास्त्राचें व्याख्यान नसून, एका विद्यार्थ्यानें उशिरा शिकलेल्या धड्याची उजळणी आहे, असें समजावें. तो धडा माझ्यापुढें दोनदां आला. पहिल्या खेपेस मी नापास झालों. दुसऱ्या खेपेस कसाबसा उत्तीर्ण झालों.

पहिल्या खेपेची गोष्ट माझ्या आईची. सुमारें वीस वर्षांपूर्वीं, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, ती मोरीच्या उंबऱ्याशीं घसरून पडली. क्ष-किरणांचें चित्र काढलें; हाड मोडलेलें नव्हतें. गुडघ्याला सूज होती आणि मुका मार लागला होता. डॉक्टरांनीं सांगितलें कीं चार दिवस विश्रांति द्या, आणि मग हळूहळू चालवा. या सांगण्याचा पूर्वार्ध आम्हीं मनोभावें पाळला आणि उत्तरार्ध साफ विसरलों. ती उठूं लागली कीं मी धांवत जाऊन तिला बसवीत असें. पाण्याचा तांब्या, जपाची माळ, जेवणाचें ताट, सर्व कांहीं तिच्या पलंगापाशीं. शेजारच्या बायका म्हणत, "आई, तुम्ही भाग्यवान् हो! मुलगा-सून किती करतात तुमचें." सकाळीं अंगणांतल्या तुळशीला पाणी घालण्याचा तिचा चाळीस वर्षांचा नेम होता. तो माझ्या पत्नीनें आपल्याकडे घेतला. एकदां आई म्हणाली, "अरे, मला तुळशीपर्यंत तरी जाऊं दे." मी म्हणालों, "पुढच्या आठवड्यांत जा." असे कित्येक आठवडे गेले, आणि शेवटीं आम्हीं तिला उभी केली तेव्हां तिच्या पायांत उभें राहण्याचें बळ उरलें नव्हतें. गुडघ्याची सूज केव्हांच उतरली होती. परंतु मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या, गुडघा पुरता सरळ होत नव्हता, आणि मनांत पडण्याची भीति घट्ट बसली होती. त्यानंतर ती तीन वर्षें जगली, पण तुळशीपर्यंत स्वतःच्या पायांनीं गेली नाहीं. पडण्यानें तिचें जें नुकसान झालें, त्याहून अधिक आमच्या सेवेनें झालें, हें मला पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें.

असें कां व्हावें? याचें उत्तर शरीराच्या रचनेंत आहे. स्नायु ही वापरानें टिकणारी वस्तु आहे. निरोगी माणूस जरी अंथरुणाला खिळवून ठेवला, तरी पहिल्या कांहीं आठवड्यांत त्याच्या स्नायूंची शक्ति दररोज सुमारें शेंकडा १ या मानानें घटत जाते. आणि म्हाताऱ्या माणसाची घटलेली शक्ति परत येण्यास तरुणापेक्षां पुष्कळ अधिक काळ लागतो. सांध्याची गोष्ट याहून नाजूक. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यांत रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण सांध्यांतील वंगणासारख्या द्रवांतून होतें. पाऊल टेकलें कीं कूर्चा दाबली जाते, पाऊल उचललें कीं ती फुगते आणि तो द्रव शोषून घेते. पाण्यांत धरलेला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसा हा प्रकार आहे. हालचाल थांबली कीं ही देवघेव मंदावते. सांध्याभोंवतींचें वेष्टन आंखडतें, आणि मग थोडें हालवलें तरी दुखतें. दुखतें म्हणून माणूस हालत नाहीं, आणि हालत नाहीं म्हणून अधिक दुखतें. या चक्रांत सांपडलेला माणूस आळशी नसतो. तो घाबरलेला असतो.

या बाबतींत अमेरिकेंतील डॅलस या शहरीं १९६६ सालीं झालेला एक प्रयोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. वीस वर्षांच्या पांच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यांत आलें. त्यांस कसलाहि रोग नव्हता. तीन आठवड्यांनंतर त्यांची श्रम करण्याची शक्ति मोजली, तों ती फारच खालावलेली आढळली. पुढें तीस वर्षांनीं, ते पन्नाशीला आल्यावर, त्याच पांच जणांची पुन्हां तपासणी झाली. तेव्हां असें दिसून आलें कीं तीस वर्षांच्या वयोवृद्धीनें त्यांची जितकी शक्ति घटली होती, त्याहून अधिक ती त्या तीन आठवड्यांच्या निजण्यानें घटली होती! विशींतल्या मुलांची ही दशा, तर सत्तरीच्या आईची काय झाली असेल, तें मी निराळें सांगावयास नको.

येथें कोणी म्हणेल कीं मग पूर्वींचे मोठमोठे वैद्य विश्रांति कां सांगत? त्यांचेंहि चुकत नव्हतें. एकोणिसाव्या शतकांत लिव्हरपूल येथील ह्यू ओवेन थॉमस यानें मोडलेल्या व क्षयानें पोखरलेल्या सांध्यांना सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांति द्यावी असा पक्ष धरला, आणि आपल्या चौकटींनीं व पट्ट्यांनीं असंख्य पाय वांचविले. त्याच सुमारास पॅरिस येथें ल्यूका-शांपिओनिएर या शस्त्रवैद्यानें उलट पक्ष मांडला. मोडलेल्या हाडाभोंवतींचे सांधे लवकर हालविले पाहिजेत, असें तो म्हणे. या विषयावरील त्याचा ग्रंथ १८९५ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या एक वर्ष आधीं, म्हणजे १८९४ सालीं, इंग्लंडांत चार परिचारिकांनीं मर्दनकलेची एक संस्था स्थापली. तीच पुढें तेथील फिजिओथेरपिस्टांची मुख्य संस्था झाली. आपल्याकडे १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत या विद्येची शाळा निघाली, आणि १९५५ सालीं हाजी अली येथें अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आज या विद्येची पदवी देणारीं महाविद्यालयें महाराष्ट्रांत गांवोगांवीं आहेत. एवंच, विश्रांति आणि हालचाल यांचा हा वाद आतां बराचसा मिटला आहे. हाड जुळेपर्यंत तेवढा भाग स्थिर ठेवावा. परंतु बाकीचें सर्व शरीर पहिल्या दिवसापासून हालतें ठेवावें. खुब्याचें हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या ऐंशी वर्षांच्या वृद्धासहि आज शक्य तर दुसऱ्याच दिवशीं पलंगाखालीं उतरवून उभे करतात, याचें मर्म हेंच.

"बाकीचें सर्व शरीर" हे तीन शब्द मी ऐकले होते, पण समजलों नव्हतों. दुसऱ्या खेपेची गोष्ट ती. सहा वर्षांपूर्वीं, पावसाळ्यांत, जिन्याच्या ओल्या पायरीवरून माझा पाय सरकला. पडतांना माणूस हात पुढें टेकतो, तसा मीं उजवा हात टेकला आणि मनगट मोडलें. डब्लिन येथील अब्राहम कॉलीस यानें १८१४ सालीं ज्या अस्थिभंगाचें वर्णन केलें, तोच हा. प्लॅस्टर घातलें. घरीं पाठवितांना डॉक्टरांनीं सांगितलें कीं बोटें, कोपर आणि खांदा रोज हालवीत जा. मी मात्र हात गळ्यांतल्या झोळींत घालून, एखादें तान्हें मूल जपावें तसा, सहा आठवडे छातीशीं धरून बसलों. प्लॅस्टर कापलें तेव्हां मनगट लांकडासारखें झालें होतें, हें अपेक्षितच होतें. पण ज्या खांद्याला कांहींहि लागलें नव्हतें, तोहि पुरता आंखडला होता. मला सदरा अंगांत घालतां येईना, केंस विंचरतां येईनात, वरच्या फळीवरचें पुस्तक काढतां येईना. एके सकाळीं मुलगा मला सदरा घालीत असतांना माझ्या मनांत आलें कीं, अरे, ही तर आईचीच वाट!

मग मी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जाऊं लागलों. वयानें त्या माझ्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्या मला 'सर' म्हणत आणि मी त्यांना 'बाई' म्हणे. त्या खोलींत शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण, याविषयीं दोघांच्याहि मनांत शंका नव्हती. पहिल्याच दिवशीं त्यांनीं विचारलें, "सर, या हातानें तुम्हांला पुन्हां काय करतां यावें असें वाटतें?" मी म्हणालों, "वरच्या फळीवरचा थोरला शब्दकोश एका हातानें काढतां आला, तर पुरे." त्यांनीं तें वहींत लिहून घेतलें. दुखणें किती उणें झालें यापेक्षां कोणतें काम साधलें यावर नजर ठेवण्याची ही रीत मला फार आवडली. कारण दुखण्याचें माप रोज बदलतें, काम मात्र एक तर साधतें किंवा साधत नाहीं.

पहिला व्यायाम अगदीं सोपा होता. डावा हात मेजावर टेकून पुढें वांकावयाचें, उजवा हात लोंबता सोडावयाचा, आणि घड्याळाच्या लंबकाप्रमाणें त्याला झोके द्यावयाचे. बोस्टन येथील कॉडमन या शस्त्रवैद्यानें हा प्रकार रूढ केला. आंखडलेल्या खांद्याला 'गोठलेला खांदा' या अर्थाचें जें इंग्रजी नांव आज घरोघरीं ऐकूं येतें, तेंहि त्याच्याच १९३४ सालच्या ग्रंथांतलें. लंबकाची ही युक्ति अशी कीं हाताचें वजनच सांध्याला हळुवार सैल करतें आणि घाबरलेल्या स्नायूंना फार श्रम पडत नाहींत. दुसरा व्यायाम भिंतीचा. भिंतीकडे तोंड करून उभें राहावयाचें, आणि दोन बोटें कोळ्याच्या पायांप्रमाणें एकामागून एक वर चढवीत न्यावयाचीं. जेथें बोटें थांबतील तेथें पेन्सिलीनें रेघ ओढावयाची व तारीख घालावयाची. मनगटासाठीं चेंडू दाबणें, पंचा पिळणें आणि कणीक मळणें. कणीक मळण्याच्या बाबतींत माझ्या पत्नीचा अभिप्राय फारसा अनुकूल नव्हता, एवढेंच सांगतों.

भिंतीवरची माझी पहिली रेघ हनुवटीच्या उंचीवर होती. पहिल्या पंधरवड्यांत ती नाकापर्यंत चढली, आणि मग तीन आठवडे तेथेंच राहिली. रोज बोटें त्याच जागीं जाऊन थांबत. मी बाईंना म्हणालों, "आतां यापुढें कांहीं होणार नाहीं." त्यांनीं विचारलें, "सर, पाढे पाठ न होणाऱ्या मुलाला तुम्ही तिसऱ्या आठवड्यांत काय सांगत असां?" मला उत्तर देतां आलें नाहीं. सहाव्या आठवड्यांत रेघ पुन्हां चढूं लागली. पांच महिन्यांनीं एके दुपारीं मीं तो शब्दकोश फळीवरून एका हातानें खालीं काढला. त्यांत कोणताहि शब्द पाहावयाचा नव्हता. तसाच पुन्हां वर ठेवून दिला.

या पांच महिन्यांत मला जी सर्वांत मोलाची गोष्ट कळली, ती अशी कीं दुखणें आणि इजा होणें या दोन गोष्टी एक नव्हेत. आंखडलेला सांधा ताणला कीं दुखणारच. त्याचा अर्थ आंत कांहीं फाटलें असा नव्हे. मग सोसावें तरी किती? यासाठीं बाईंनीं मला एक नियम दिला, तो सांगतों. व्यायाम करतांना सोसवेल इतकें दुखूं द्यावें. तें दुखणें तासा-दोन तासांत निवलें, तर माप बरोबर आहे. रात्रीं झोंप मोडली, किंवा दुसऱ्या दिवशीं सकाळीं सांधा पूर्वींपेक्षां अधिक दुखरा वा सुजलेला वाटला, तर आदल्या दिवशीं जास्त झालें. त्या दिवशीं माप अर्ध्यावर आणावें, पण व्यायाम सोडूं नये. आपण लोक एक तर मुळींच करीत नाहीं, किंवा एका दिवसांत महिन्याची भरपाई करावयास जातों. सांध्याला दोन्ही मानवत नाहींत.

आतां गुडघ्यांविषयीं, कारण ऐकणाऱ्यांपैकीं अनेकांच्या घरीं हा प्रश्न असेल. वयानुसार होणाऱ्या गुडघ्याच्या संधिवातांत चालण्यानें गुडघा झिजून जाईल, ही समजूत सर्वत्र आहे. वस्तुतः माफक चालणें आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांना आज या विकाराच्या उपचारांत अग्रस्थान दिलें जातें. व्यायामानें झिजलेली कूर्चा नव्यानें उगवत नाहीं, हें खरें. परंतु मांडीचा पुढचा स्नायु बळकट असला कीं पडणारा भार तो बराचसा आपल्यावर घेतो, आणि दुखणें उणें होतें. याला साधन लागतें तें एका खुर्चीचें. खुर्चीवर बसून एक पाय गुडघ्यांत सरळ करावा, पांच अंक मोजावे, खालीं घ्यावा; मग दुसरा. हें जमूं लागलें कीं, हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून उठावें व सावकाश बसावें. दहा वेळां, सकाळ-संध्याकाळ. पांच वेळांच जमलें तर पांच वेळां. वजनाचाहि विचार करावा. अमेरिकेंत गुडघेदुखीच्या स्थूल रुग्णांवर झालेल्या आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं शरीराचें वजन १ किलो उणें झालें, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें ४ किलोंनीं उतरतो. दिवसाकांठीं आपण किती पावलें टाकतों, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. आणि काठी घेण्याची लाज वाटूं देऊं नये. मात्र ती दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातांत धरावी. पुष्कळ लोक ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि मग काठीचा उपयोग होत नाहीं म्हणून ती कोपऱ्यांत ठेवून देतात.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. शेक, मालिश, विजेचीं यंत्रें यांच्याकडे आपला ओढा फार, कारण त्यांत आपल्याला कांहीं करावें लागत नाहीं. यांनीं आराम पडतो, सांधा मोकळा करण्यास ती तयारी ठरते; परंतु तो आराम म्हणजे उपचार नव्हे. टोरांटो येथील सॉल्टर या शस्त्रवैद्यानें १९७० पासून सशांवर प्रयोग करून दाखविलें कीं इजा झालेली कूर्चा बांधून ठेवलेल्या सांध्यापेक्षां सतत हालत्या ठेवलेल्या सांध्यांत अधिक चांगली भरून येते. त्यावरून सांधा आपोआप हालविणारीं यंत्रें निघालीं. पण गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर या यंत्रांपासून होणारा लाभ पुढें अगदीं थोडाच ठरला. स्वतः उठणाऱ्या, चालणाऱ्या रुग्णाची जागा यंत्र घेऊं शकलें नाहीं. दुसऱ्यानें गिरविलेल्या अक्षरानें आपलें वळण सुधारत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस पूर्वींपासून ठाऊक आहे.

तथापि, हालचालीचा हा पुरस्कार आंधळेपणानें करूं नये. पडल्यावर पाय टेकवत नसेल, सांध्याचा आकार बदलला असेल, सांधा तापलेला-लालबुंद असून अंगांत ताप असेल, पोटरी अकस्मात् सुजून दुखूं लागली असेल, हातापायांत बधिरपणा वा दुर्बलता आली असेल, तर प्रथम डॉक्टरांस दाखवावें. व्यायामाचा विचार नंतर. हाड मोडल्याची शंका असतां चोळणें तर कटाक्षानें टाळावें. आमवातांत सांधे भडकलेले असतांना व्यायामाचें माप निराळें असतें, आणि तें जाणकारानेंच ठरवावें. शेजाऱ्याला मानवलेला व्यायाम आपल्याला मानवेलच असें नाहीं.

शेवटीं, दुखणाइताच्या घरच्या मंडळींस दोन शब्द. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. आईनें मला तुळशीपर्यंत जाऊं दे म्हटलें, तें मीं ऐकलें नाहीं. आणि तरी आपण तिची शुश्रूषा करीत आहों, अशा समाधानांत राहिलों. आपल्या घरीं असा कोणी असेल, तर पाण्याचा तांब्या पलंगाशीं न ठेवतां, डॉक्टरांच्या संमतीनें, चार पावलांवर ठेवावा. उद्यां तो सहा पावलांवर न्यावा. वाटेंतलें पायपुसणें उचलावें, मोरींत धरावयास दांडी बसवावी, जिन्यांत दिवा लावावा. भाजी निवडणें, कपड्यांच्या घड्या घालणें, फुलें काढणें, असें ज्याचें त्याचें काम त्याच्याकडेच राहूं द्यावें. त्याला दुप्पट वेळ लागला तरी चालेल. आणि तो उठूं लागला कीं धांवत जाऊन त्याला खालीं बसवूं नये. जवळ उभें राहावें, हात पुढें धरावा, आणि त्याला उठूं द्यावें.

आमच्या अंगणांतली तुळस आजहि आहे. माझ्या पत्नीचे गुडघे आतां दुखतात; सकाळीं तिला तुळशीपर्यंत जाऊन येण्यास दहा मिनिटें लागतात. तांब्या मी नेऊन देऊं का, असें माझ्या तोंडावर अजूनहि येतें. मी तें गिळतों, आणि दार उघडून बाजूला उभा राहतों.